डाव्या शिंगातला माणूस

माझं नाव खेथुकुथुला. त्याचा अर्थ ‘शांतता निवड’. नाव बाबांनी ठेवलं होतं, आणि मी बोलायला लागेपर्यंतच त्यांना चूक कळली असावी. डंडी शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी पाइप, पत्रे आणि सिमेंट विकतो. गिऱ्हाइकानं तोच भाव दुसऱ्यांदा विचारला की माझं डोकं फिरतं. मालक म्हणतो, याला काउंटरवर ठेवण्यापेक्षा गोदामात बांधून ठेवायला हवं. घरी मला खेथा म्हणतात.

तरी त्या वर्षी घरात सगळ्यांत अस्वस्थ मी नव्हतो. आई होती. बाबा डर्बनच्या दवाखान्यात वारले. त्यांना पुरलं गावीच, पण माणूस जिथे शेवटचा श्वास सोडतो तिथेच मागे राहतो. त्याला तिथून हाक मारून, वाट सांगत सांगत घरी आणावं लागतं. तोवर त्याचा पाय कुठे ठरत नाही, आणि घरातल्यांचाही. आई बसली की उठायची, उठली की दारात जायची. चुलीवर मक्याच्या पिठाची फुथू ठेवून कुंपणापर्यंत चक्कर मारून यायची आणि तोवर ती खाली लागलेली असायची. तिला एकच स्वप्न पडायचं. फाटकाबाहेर कोणी माणूस उभा आहे, पाय घासतोय, आत येत नाही. तो बाबा नाही. बाबा त्याच्या मागे, खूप लांब, आपली पाळी येण्याची वाट बघताहेत.

देवऋषिणीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पुढचा दारात अडकलाय. मागच्यानं यायचं कुठून?”

पुढचा कोण ते आम्हाला कळलंच. मगिड्लाना, माझा खापरपणजोबा. इंग्रजांशी झालेल्या लढाईत डोलोल्वानेच्या टेकडीवर तो पडला, तेव्हा माझा पणजोबा आईच्या पोटात होता. पुढे पणजोबा आणि आजोबा दोघंही आमच्याच अंगणात गेले, त्यांना आणायला कुठे जावं लागलं नाही. घराबाहेर मेलेले दोघंच, मगिड्लाना आणि बाबा. आधी मगिड्लानाला आणायचं, मग बाबांना. दोघांना घरात घेताना कापायचा बैल आईनं घेऊन ठेवला, ठरलेल्या शनिवारचं सगळ्या भाऊबंदांना आवतण गेलं. आणि घोडं अडलं त्या टेकडीवर. डोलोल्वाने म्हणजे कोपर. दुमडलेल्या हातासारखी वाकडी, भली लांब टेकडी आहे ती. माणूस नेमका कुठे पडला ते ठाऊक नसेल तर हाक मारायची कुठे? आमच्या घराला ठाऊक होतं ते एवढंच की तो न्खोझी पलटणीत होता.

इथे मोठे काका कामाला आले, म्हणजे त्यांचा टीव्ही आला. मोठे काका बाबांचे थोरले भाऊ. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते लढायांचे माहितीपट बघतात. वीस वर्षं दुसरं काही बघितलेलं नाही. रशियातल्या नद्यांची नावं त्यांना आमच्या तालुक्यातल्या ओढ्यांपेक्षा चांगली पाठ आहेत. दोनशे वर्षांपूर्वी संपलेल्या लढाईतल्या सेनापतीला ते खुर्चीतून ओरडून सांगतात, “अरे मूर्खा, घोडदळ आता सोड, आता!” आणि त्यानं सोडलं नाही की चहाचा कप आपटतात. चुलतभावाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा म्हणाले, समोरून भिडू नका, बगलेनं जा. आम्ही बगलेनं गेलो, मुलीच्या बापानं वधूमूल्यात दोन गाई वाढवून घेतल्या. गावात त्यांना जनरल म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण काकांना ते आवडतं.

एका रविवारी दुपारी त्यांची हाक आली. हाक कसली, आरोळीच. मी आणि थोबेका पळत गेलो. थोबेका माझी धाकटी बहीण, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर असते आणि एका आड एक रविवारी सुटीला घरी येते. काका टीव्हीसमोर उभे होते, पडद्याला नाक लावून.

“बघ. डोलोल्वाने. आपली डोलोल्वाने.”

खरंच होती. नवीन मालिका सुरू झाली होती, आमच्याच लढाईवर. रुंद टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा कोणी इंग्रज खिशात हात घालून टेकडीवर फिरत होता आणि स्वतःच्या बापाच्या शेताबद्दल बोलावं तसं बोलत होता. मग नकाशा आला. इंग्रजांचे बाण लाल, आमचे काळे. आमची चाल शाळेतल्या पोरालाही माहीत असते. बैलाची छाती समोरून भिडते, दोन शिंगं दोन बाजूंनी वळसा घालतात आणि कंबर मागे राखीव राहते. डाव्या शिंगाचा काळा बाण टेकडीच्या पूर्वेकडून सरकत सरकत कोरड्या ओहळापाशी आला आणि तिथे थांबला. टोपीवाला म्हणाला, हे डावं शिंग म्हणजे न्खोझी पलटण, आणि याच ओहळात त्यांची कत्तल झाली.

काका मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसत म्हणाले, “सापडला. दीडशे वर्षं होत आली, आणि सापडला कुठे, तर टीव्हीत.”

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. आईला सांगितलं तेव्हा ती भिंतीला धरून खाली बसली, आणि चक्क बसून राहिली.

पुढच्या रविवारी निघायचं ठरलं. तो थोबेकाचा सुटीचा नव्हता, पण तिनं मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. मग शुक्रवारी बाबांना आणायला डर्बन, आणि आवतणाच्या शनिवारी बैल. काका एकदाच म्हणाले होते, “रविवारी दुपारी दुसरा भाग आहे. तो बघून मग निघा की.” आई म्हणाली, “भाऊजी, तुम्ही भाग बघा. पोरं जातील.” आणि काकांचे गुडघे टेकडी चढायच्या लायकीचे नव्हतेच.

घराण्याचा थोरला मुलगा म्हणून फांदी मी घ्यायची होती. आमच्याकडे बोरीच्या जातीचं एक काटेरी झाड असतं, त्याचा एक काटा सरळ आणि एक वाकडा. त्याची फांदी घेऊन जागेवर जायचं, माणसाला नाव घेऊन उठवायचं, आणि मग तो फांदीवर बसून घरी येतो. रस्त्यात जे जे येईल ते त्याला सांगायचं, नाहीतर बिचारा मागे राहतो. पण फांदी हातात असताना दुसऱ्या कुणाशी अक्षर बोलायचं नाही. फक्त त्याच्याशी.

थोबेका निघताना म्हणाली, “दादा, दिवसभर तोंड बंद. तुला जमेल? की चिकटपट्टी घेऊ बरोबर?”

“तू आपली भाड्याचं बघ,” मी म्हणालो. फांदी घ्यायच्या आधी जे शेवटचं बोललो ते हे.

ओहळ सापडायला त्रास झाला नाही, टीव्हीत दिसला तसाच होता. फक्त टीव्हीत शेळ्या नव्हत्या. थोबेकानं ज्वारीची बिअर जमिनीवर ओतली, मी तपकीर टाकली आणि फांदी मातीवरून ओढत, आधी घराण्याची नावं घेत हाक दिली, “मबोम्वु! सोमाशी! मगिड्लाना, नगुबानेंच्या घरच्या माणसा, ऊठ. आम्ही न्यायला आलोय. घरी चल.”

म्हणतात की माणूस बसला की फांदी जड होते. मला तसं काही वाटलं नाही. काटा मात्र चांगला खोल लागला. पण हाक मारताना माझा आवाज बाबांसारखा आला, अगदी त्यांच्यासारखा, आणि मला रडू फुटलं. मी इतका वेळ कुणाकडे न बघता रडलो की थोबेकानं शेवटी शालीचं टोक पुढे केलं.

परतीच्या टॅक्सीत, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या व्हॅनमध्ये, थोबेकानं तीन जागांचे पैसे दिले. एक तिची, एक माझी, मधली फांदीची. अशा वेळी आमच्याकडे जागेवरून कुणी काही विचारत नाही. पोरं मांडीवर घेऊन माणसं सरकून बसली, पण मधल्या जागेकडे कुणी बघितलंही नाही. ड्रायव्हर सान्डिले नावाचा तरुण, बडबड्या होता. आरशातून फांदीकडे बघून त्यानं टोपी काढली आणि रेडिओ बारीक केला.

“कुठून आणताय यांना?” त्यानं थोबेकाला विचारलं.

“डोलोल्वाने.”

“अरे वा. मी तिथेच मेलोय.” सगळे बघायला लागल्यावर तो हसला. “टीव्हीवाले आले होते ना, लढाईची फिल्म काढायला. आम्हा पोरांना ढाली दिल्या आणि पळा म्हणाले. आम्ही मूठभरच, पण तीच तीच पोरं फिरून फिरून कॅमेऱ्यासमोरून पळाली आणि हजारांची फौज झाली. मला तर तीनदा मारलं. दोनदा पोटावर, एकदा पाठीवर.”

मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, “आणि मग तसाच घरी गेलास?”

“आजीनं फाटकातच अडवलं. म्हणाली, तिथे मेल्याचं सोंग करून उठलास, तुझ्याबरोबर आणखी कोण उठलं असेल काय ठाऊक. कडू काढ्यानं अंघोळ घातली, मग घरात. जेवणाचं पाकीट मिळालं होतं टीव्हीवाल्यांचं, तेसुद्धा बाहेर खायला लावलं.”

सगळे हसले. मी हसलो नाही, हसणं चालतं की नाही ते मला माहीत नव्हतं. मी फांदीला सांगितलं, “आजोबा, आता उजवीकडे वळतोय. हा डांबरी रस्ता. हे जे गुरगुरतंय ते इंजिन, तोफा नाहीत.”

तेवढ्यात थोबेकाचा फोन वाजला. काका फोनवर बोलतात ते पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं. टॅक्सीतल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“परत फिरा! कुठवर आलात? परत फिरा!”

“काका, हळू. काय झालं?”

“दुसरा भाग लागलाय. न्खोझी डाव्या शिंगात नव्हतेच! ते राखीव होते, कंबरेत. पश्चिमेला, मोठ्या खडकांखाली. लढाई बघून अंगात येऊ नये म्हणून त्यांना लढाईकडे पाठ करून बसवून ठेवलं होतं. शेवटी सोडलं आणि तिथेच खडकांपाशी गोळ्या लागल्या. टोपीवाल्यानं कागद दाखवला, नकाशा दाखवला, सगळं दाखवलं.”

“मग गेल्या रविवारी तोच काय सांगत होता?”

“गेल्या रविवारी तो आजवर लोक काय मानत आले ते सांगत होता. पहिल्या भागात तसंच असतं. दुसऱ्या भागात ते खोडून काढतात. म्हणजे माणूस दुसरा भाग बघतो.”

थोबेकानं डोळे मिटले. “काका, तुम्ही वीस वर्षं हे बघताय. नेहमी असंच असतं, तर हे तुम्हाला गेल्या रविवारी सुचलं नाही?”

मग काका अगदी हळू म्हणाले, “आपलं नाव ऐकलं ना गं पलटणीचं. मग दुसरं काही सुचलं नाही.”

मी काय काय गिळलं ते माझं मला माहीत. टोपीवाल्याला, त्याच्या बाणांना, काकांच्या खुर्चीला, सगळ्यांना मला नावं ठेवायची होती. थोबेकाला विचारायचं होतं की आता काय करायचं. समोरच्या सीटवर मी इतके गुडघे मारले की त्या माणसानं मागे वळून बघितलं आणि माझा चेहरा बघून परत पुढे बघायला लागला. तोंडाला कुलूप होतं आणि बोलायला एकच माणूस होता. म्हणून त्याच्याशीच बोललो.

“आजोबा,” मी फांदीला म्हणालो, “आता पूल येतोय. खाली नदी आहे, पाणी कमी आहे, भिऊ नका. आणि आजोबा, राग मानू नका, पण तुम्ही कोण?”

सान्डिलेनं रेडिओ बंदच केला.

पूल गेला, नदी गेली. मग म्हातारीनं थोबेकाला विचारलं, “हाक कुठल्या नावानं मारली यानं?”

“मगिड्लाना नगुबाने. घराण्याची नावंही घेतली.”

“मग दुसऱ्याच्या नावाला कोण उठेल? बसलेला असेल तो आपल्या जागी.”

“म्हणजे फांदी रिकामीच?” सान्डिले म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

ते मला फार लागलं. मी मघापासून त्या फांदीला डांबरी रस्ता समजावून सांगत होतो. मधल्या जागेकडे मला बघवेना. थोबेका खिडकीबाहेर तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

शालीतून हात काढून म्हातारीनं पुढच्या सीटची दांडी धरली. “मी आपलं असंच म्हणाले,” ती म्हणाली. “पण मी तिथे पडले असते, आणि इतक्या वर्षांत माझ्या घरचं कुणी फिरकलं नसतं, तर कुणाच्याही नावानं हाक आली असती ना, मी उठले असते. म्हटलं असतं, हो, मीच ती.”

थोबेका वळली. “मग काय करू आजी? परत जाऊ?”

“आता परत जायला टॅक्सी नाही,” सान्डिले म्हणाला. “मी वळवली असती, पण ही सगळी माणसं घरी जायची आहेत.”

“आणि याला रस्त्यात उतरवू नका,” म्हातारी म्हणाली. “रस्त्यात उतरवलेला रस्त्यावरच राहतो. मग त्या वळणावर ट्रक उलटतात आणि लोक म्हणतात ब्रेक फेल. घरी न्या. घरात कोणी मोठं माणूस असेल ना?”

“आई आहे,” थोबेका म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. फाटकात मोठे काका काठी आडवी धरून उभे होते. मागे आई, खांद्यावर शाल, डोक्याला रुमाल, आणि तिच्या पायाशी आज कापायचं बकरं. काकांनी ज्या तऱ्हेनं पाय रोवले होते त्यावरून कळत होतं की खिंड लढवायचा बेत आहे.

“इथेच थांबा,” ते म्हणाले. “तो आत येणार नाही.”

मला किंचाळावंसं वाटलं. मी फांदी उंच धरली. “आजोबा, हे फाटक आमचं. आणि हे मध्ये उभे आहेत ते मोठे काका. यांनीच तुम्हाला टीव्हीत शोधून काढलं, आणि आता म्हणतात की तुम्ही ते नव्हेत.”

“टोमणे मार, खुशाल मार,” काका म्हणाले. “चुकलो मी. गाव गोळा कर, गावासमोर म्हणतो. पण चुकीवर चूक नको. हा आत बसला, शनिवारी बैल याच्या पदरात पडला, की आपला मगिड्लाना कायमचा बाहेर. आणि त्याच्या मागे माझा भाऊ बाहेर. एकदा चुकीच्या माणसाच्या हातात ठाणं दिलं की ते परत मिळत नाही. मी शंभर वेळा बघितलंय.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाबांचं येणं आता त्या एका काठीपाशी येऊन थांबलं होतं. मी आईकडे बघितलं.

आई मोठ्या काकांसमोर मान वर करून बोलत नाही. तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतो, तिनं आजवर मगिड्लानाचं नावसुद्धा तोंडून काढलेलं नाही. सासरच्या थोरांची नावं सून घेत नाही. ती त्याला ‘डोंगरावरचे’ म्हणते. त्या संध्याकाळी तिनं शाल नीट ओढून घेतली, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाली, “भाऊजी, बाजूला व्हा.”

काकांना ऐकू आलं नाही की खरं वाटलं नाही, कोण जाणे. ते तसेच उभे राहिले.

“मी या फाटकात आले तेव्हा मला बरोबर इथेच उभं केलं होतं,” आई म्हणाली. “तुम्ही तेव्हा तरणे होतात, गोठ्याजवळ उभे होतात. माझं नाव या घरात कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या आईनं बकरं कापलं, ही चूल, हा गोठा, हे आमचे गेलेले जुने, असं सांगितलं आणि मला आत घेतलं. आतल्या जुन्यांनी मला विचारलं नाही, तू कुठल्या टेकडीवरून आलीस म्हणून.”

“तू सून म्हणून आलीस.”

“हा पाहुणा म्हणून येईल. बैल आपल्या माणसाचा आहे, त्याला कुणी हात लावत नाही. याला हे बकरं. पाहुण्याला बकरं कापतातच.” मग ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिनं मान वर केली. “माझ्या स्वप्नात फाटकाबाहेर कोण उभं असतं, त्याचं तोंड मला कधी दिसलेलं नाही. डोंगरावरचे असतील असं आपण धरून चाललो. मला एवढंच दिसतं की तो पाय घासतोय आणि त्याला कुणी आत ये म्हणत नाही.”

बकरं ओरडलं. काकांनी काठी खाली केली. बाजूला होताना त्यांनी फांदीकडे बघितलं आणि टीव्हीतले सैनिक करतात तसा सलाम करायला हात उचलला, मग तो नुसताच कपाळाला लावला.

आमच्या गोल झोपडीत मागच्या भिंतीशी जरा उंचवटा आहे. घरचे जुने तिथे बसतात. फांदी मी त्याच्या जरा अलीकडे ठेवली, पाहुण्याची जागा असते तिथे. सगळे मागे गुडघ्यांवर बसले.

“हे नगुबानेंचं घर,” मी म्हणालो. “आम्ही हाक दुसऱ्याला मारली होती, आलात तुम्ही. तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, तुमच्या घरच्यांना तुम्ही कुठे आहात ते माहीत नाही. ते कधी न्यायला आले तर त्यांच्याबरोबर जा. तोवर बसा. ही बिअर, हे बकरं. उद्या मी परत टेकडीवर जाणार आहे, पश्चिमेला, खडकांपाशी. तिथे आमचा एक माणूस पाठ करून बसलाय. त्याला अजून कुणी ऊठ म्हटलेलं नाही. तुम्ही त्याच लढाईतले. त्याला ओळखत असाल तर सांगा, हे येताहेत म्हणून.”

फांदी ठेवल्यावर तोंड उघडायची मोकळीक मिळाली होती, आणि दिवसभर साठवलेलं काहीच मला सुचेना. काकांना मी फक्त एवढंच विचारलं, “तिसरा भाग कधी आहे?”

“पुढच्या रविवारी,” काका म्हणाले. “पण मी बघणार नाही.” ते बघतील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

थोबेका उद्या मालकिणीला काय सांगायचं ते ठरवत होती. मी माझ्या मालकाला काय सांगायचं ते ठरवलंही नाही, नोकरी गेली तर गेली. मी बाहेर आलो. आई चुलीपाशी बसली होती. बसली म्हणजे नीट, पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून. फुथू शिजत होती आणि ती तिच्याकडे लक्ष ठेवून होती.

“खेथा,” ती म्हणाली, “शुक्रवारी बाबांना आणायला जाशील, तेव्हा वॉर्डात हाक नीट मार. दोनदा मार, नाव स्पष्ट घे.”

“हो.”

तिनं पळी फिरवली. “त्या वॉर्डात रोज कोणी ना कोणी आपलं माणूस न्यायला येत असेल. तुझ्या बाबांना कमी ऐकू यायचं शेवटी शेवटी. कुणाच्या तरी हाकेला उठून ते कधीच गेले असतील.” जाळ कमी झाला होता, तिनं एक लाकूड आत सारलं. “तेव्हा तिथे जो कोणी उठेल, त्याला घेऊन ये.”